दारातली मेंढी

दारातली गेली हे कळलं त्या दिवशी दुकानात सकाळची गर्दी होती आणि डावऱ्या कामात होता. बायको गेल्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून कामात असणं एवढंच त्याला जमत होतं. ओंडक्यावर सत्तूर पडत होता, मुलगा वजन करत होता, आणि डावऱ्याचा थोरला भाऊ स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना हसवत होता. तेवढ्यात मुलगी मागच्या शेडमधून आत आली. खांद्यावरची बर्फाची पेटी तिने ओल्या फरशीवर ठेवली.

"बाबा, दारातली कुठे आहे?"

"दारात," डावऱ्या मान वर न करता म्हणाला.

"दारात आहे ती दुसरीच आहे."

"शेडमध्ये उजेड कमी आहे. नीट बघ."

"नीट बघूनच आले. हिच्या कपाळावर पांढरं नाही, कान फाटलेला नाही. आणि ही म्हातारी नाही, बाबा. हिला अजून दात यायचेत."

सत्तूर थांबला. डावऱ्याने हात पुसले नाहीत. तसाच उठून मागे गेला. शेडच्या दाराशी, पाण्याच्या हौदाला लागून, एक काळ्या पायांची तरणी मेंढी रवंथ करत उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाकीच्या सगळ्या त्याने एकेक करून पाहिल्या. कान धरून, तोंड वर करून. मग परत एकदा पाहिल्या.

या घराचा एक नियम होता, तो डावऱ्याच्या आईने घातलेला. ज्या घरात रोज जनावर कापलं जातं, त्या घरात एक जनावर म्हातारं होऊन आपल्या मरणाने मरायला पाहिजे. ते कोणतं हे घरातली बाई ठरवायची. ते दाराशी बांधलं जायचं, आणि दाराशी बांधलेल्याला कोणी हात लावायचा नाही. आईनंतर हे काम डावऱ्याच्या बायकोकडे आलं. ही मेंढी तिनेच निवडलेली, लहान असताना. दुखणं वाढलं तेव्हाही ती भिंतीला धरून खाली यायची आणि हिच्या पाठीवर हात फिरवून वर जायची.

डावऱ्या दुकानात परतला तेव्हा त्याचा चेहरा बघून भाऊ स्टुलावरून उठला. गिऱ्हाइकांना उरलंसुरलं बांधून दिलं, उरलेल्यांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं, आणि मुलाने शटर ओढलं.

मागच्या खोलीत सगळे जमले. ही खोली म्हणजे एक मोरी, भिंतीवर मांस टांगायच्या आकड्यांची रांग, काचेच्या दाराचं थंड कपाट, आणि कोपऱ्यात मीठ लावून ठेवलेल्या कातड्यांचा ढीग. बसायला जागा नव्हतीच. सुनेला वरच्या घरातून हाक मारून बोलावलं. ती पीठ लागलेल्या हातांनीच खाली आली.

"शेडमध्ये जनावरांची जागा कोणी बदलली?" डावऱ्याने विचारलं.

"मी," सून म्हणाली. "रविवारी शेड धुतली. आई होत्या तेव्हा दर आठवड्याला धुवायच्या. त्या गेल्यापासून कोणी झाडू लावला नव्हता. वास पार वर स्वयंपाकघरात यायला लागला. सगळ्या बाहेर काढल्या, धुतलं, परत बांधल्या. जशी जागा मिळाली तशा."

"दारातली दारात बांधायची, एवढं कळू नये?"

"दारातली कोणती, हे मला कोणी दाखवलं होतं?" सुनेचा आवाज चढला. "लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, दारातली, दारातली. ही बघ, ही ती, असं एकानेही बोट करून सांगितलं नाही. मला वाटलं, दाराशी जी असेल ती दारातली. मग दाराशी एक बांधली की झालं."

"हिला कशाला बोलता?" मुलगा म्हणाला. "मी पहाटे भिंतीकडून सोडत आलो. रोज तसंच सोडतो. तुम्हीच शिकवलंय, भिंतीकडच्या आधी."

"डोळे मिटून सोडतोस?"

"अंधारात सोडतो. आणि बाबा, खरं सांगू का, मलाही ती तोंडावरून ओळखू आली नसती. ती दारात असायची म्हणून ती ती होती."

हे खरं होतं, आणि खरं कोणी तोंडावर सांगितलं की डावऱ्याचा राग दुप्पट व्हायचा. सुनेने शेड धुतली होती, मुलाने दोर सोडला होता. दोघांचंही काम वेळेवर झालेलं. पकडून हलवावं असं कोणी सापडत नव्हतं.

"कापली कोणी?"

मुलाने काकांकडे पाहिलं. पहाटे दोनच सुरे चालत, डावऱ्याचा आणि त्याच्या भावाचा.

"माझ्या हातून गेली," भाऊ म्हणाला.

"तुझ्या."

"माझ्या. झालं ते झालं."

"झालं ते झालं?" डावऱ्या त्याच्या अंगावर गेला. "दादा, जिने तुला या घरात वीस वर्षं गरम जेवण वाढलं, तिची एक गोष्ट उरली होती. एक. तुझ्या बायकोमुलांनी तुला हाकललं तेव्हा, भाऊजींना वरची खोली द्या, असं म्हणणारी ती. आणि तुला तिची एक मेंढी ओळखू येऊ नये? कपाळावर एवढं पांढरं होतं."

"कापताना कपाळ बघत नाही मी. तूही बघत नाहीस."

"माझं सोड. तू काय बघतोस ते सांग. दिवसभर स्टुलावर बसून लोकांची तोंडं बघतोस. चहा कोणाकडून निघतो ते बघतोस."

एरवी भावाला एक बोललं तर तो चार परत करायचा. बाजारात त्याच्याशी जिभेने कोणी लागत नसे. आज त्याने फक्त ॲप्रनच्या कोपऱ्याला हात पुसले. डावऱ्याला ते निर्लज्जपणाचं वाटलं.

"आता उरलंय काय तिचं?" मुलीने विचारलं.

"काय उरणार. विकलं गेलं," मुलगा म्हणाला. "मागची एक मांडी आहे कपाटात. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला ठेवलेली."

मुलगी कपाटाशी गेली. काचेला हात लावून गार किती आहे ते पाहिलं. "पहाटेपासून थंडीतच आहे?"

"हो."

"मग अजून चालेल." ती वळली. "बाबा, मला यातला बोटभर तुकडा हवाय. आतला, हाडाजवळचा. जनावर मेलं तरी मांसातल्या पेशी लगेच मरत नाहीत. आज लॅबमध्ये पोचलं तर त्यातल्या काही वाढवता येतील."

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कंपनीत होती. तिथे जनावराच्या अंगातल्या पेशी घेऊन टाकीत मांस वाढवायचं काम चालायचं. ती तिथे लागली तेव्हा डावऱ्या तिच्याशी बरेच दिवस बोलला नव्हता. नंतर बोलू लागला, पण कामाविषयी कधीच नाही.

"म्हणजे तू आज आईची मेंढी बघायला नाही आलीस," तो सावकाश म्हणाला. "तू पेटी घेऊन आलीस."

"दोन्हीसाठी आले."

"आईला जाऊन दोनच महिने झाले, आणि तुला तिच्या जनावरात सुई खुपसायचीय."

"आईनेच सांगितलं होतं, बाबा."

"खोटं."

"हॉस्पिटलात सांगितलं. म्हणाली, मी गेले की हिला या घरात कोणी ओळखणार नाही. तुझ्या त्या टाकीसाठी जिवंत जनावरातून एवढंसंच घेता ना, मग हिच्यातून घे. ही मेली तरी काहीतरी चालू राहील. आणि आमच्या कंपनीलाही अशी मेंढी हवी होती, वंश माहीत असलेली, पिशवीतलं खाद्य न खाल्लेली. आज सुई घेऊनच आले होते. तिला कळलंही नसतं."

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, मी सांगेन त्याला. तो आधी नाही म्हणतो, मग रात्रभर कूस बदलतो, मग हो म्हणतो. तेवढा वेळ मला काढू दे." मुलगी थांबली. "तेवढा वेळ मिळाला नाही तिला."

डावऱ्याने मोरीचा नळ सोडला आणि हात धुवायला लागला. पाणी लाल होऊन जाळीतून खाली गेलं, मग स्वच्छ झालं, तरी तो धूतच राहिला. बायकोवर ओरडता येत नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि शेवटचं सांगायचं ते हिने पोरीला सांगितलं. मला सांगायला वेळ काढणार होती म्हणे.

इथे भावाची जीभ परत आली. पण ती डावऱ्यावर नाही, मुलीवर सुटली.

"मटणाला विरजण लावायचं म्हण की. रात्री लावलं की सकाळी भांडंभर तयार."

"काका, चेष्टा नंतर करा."

"चेष्टा नाही करत. अगं, उद्या तुझी ती टाकी चालली, तर हे दुकान कोण ठेवेल? तुझा भाऊ काय विकेल? तुझ्या बापाने या ओंडक्याच्या कमाईवर तुला शिकवलं. त्याच ओंडक्यावरचा तुकडा उचलून तू आमचं दुकान बंद करायला निघालीस. आणि वर आईचं नाव घेतेस."

"दुकान बंद करायला मी कशाला पाहिजे?" मुलगी म्हणाली. "तुम्हीच सांगा, तुमच्या लहानपणी मेंढ्या कुठून यायच्या?"

"चालत यायच्या. टेकडीपलीकडून."

"आता?"

मुलाने सांगितलं, "ट्रकने. दोन दिवस लागतात. अर्ध्या उभ्या राहून राहून पाय सुजवून येतात. टेकडीवर आता कुंपणं आहेत, ताई. चरायला काही उरलं नाही. पिशवीतलं खातात."

"तू कोणाच्या बाजूने बोलतोयस?" काकांनी त्याला विचारलं.

"कोणाच्याच नाही. ट्रक मी उतरवतो म्हणून सांगतो."

"उतरवतो आणि वर येऊन जेवत नाही," सून म्हणाली. "ताई, मेलेल्या पण निघतात त्यात. त्या कुठे टाकायच्या यावरून मागच्या गल्लीतल्यांशी भांडण होतं. आपल्या मोरीचं पाणी त्यांच्या दारातून वाहतं, म्हणून ते आपल्याशी बोलत नाहीत. मी भाजी आणायला लांबून जाते."

"तू यात पडू नकोस," मुलगा म्हणाला.

"मी पडलेलीच आहे. शेड मी धुतली ना? मग सगळं माझ्यामुळेच झालंय. आता बोलूनच घेते."

डावऱ्याने नळ बंद केला. "तुमची टाकी," तो मुलीला म्हणाला, "काय पाण्यावर चालते? वीज लागत नाही तिला? मागे तूच आईला सांगत होतीस, त्या पेशींना पाजायला कसलं तरी रक्तातलं पाणी लागतं, वासरांचं. मग कापलं जनावर आणि वाढवलं जनावर यात फरक काय?"

मुलीला खोटं बोलता यायचं नाही, हा तिच्या आईचा गुण.

"ते पाणी आता वेगळं बनवतात. वीज लागते, भरपूर लागते. आणि आमचं मटण अजून कोणाला परवडण्यासारखं नाही. वर्षाला जेवढं निघतं तेवढं तुम्ही एका सकाळी विकता. मी काही देव आणला नाही घरात, बाबा. पण हा ट्रक असाच चालणार नाही, हे तुम्हालाही माहितेय. मग दुसरं काहीतरी कोणीतरी करून बघायलाच पाहिजे ना? ते मी करते. तुम्ही त्यावर थुंकलात तरी करेन."

"बघ, बघ," भाऊ म्हणाला. "बापासमोर कशी बोलते."

"तू तोंड उघडू नकोस," डावऱ्या त्याच्यावर गरजला. मुलीवरचा, बायकोवरचा, ट्रकवरचा, सगळा राग एका जागी येऊन पडला. "ती निदान विचारायला आली. तू न विचारता मान कापलीस. उद्यापासून माझ्या ओंडक्याला हात लावायचा नाही. पहाटे खाली यायचं नाही. तुझा सुरा काढ त्या भिंतीवरून. वरची खोलीही तिने दिली होती तुला, मी नव्हती दिली."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मुलगा पुढे झाला. "बाबा, बास."

भावाने मुलाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. मग ॲप्रनची गाठ सोडायला लागला. गाठ ओली होती, सुटेना. सुनेने पुढे होऊन ती सोडून दिली. त्याने ॲप्रन आकड्याला अडकवला, भिंतीवरचा आपला सुरा काढला, कागदात गुंडाळला. कोणाकडेही न बघता पुढच्या खोलीत गेला, शटर स्वतःच वर केलं आणि बाहेर पडला. जाताना खाली ओढूनही गेला.

डावऱ्या कातड्यांच्या ढिगाकडे वळला. "तिचं कातडं त्या चामड्याच्या गाडीत जाणार नाही. ते तरी मी पुरेन."

"मी काढतो बाबा," मुलगा घाईने म्हणाला. "तुम्ही वर जा. जेवून घ्या."

"सरक."

"राहू द्या ना. मी पुरतो नीट."

डावऱ्याने त्याला खांद्याने बाजूला केलं. आजची कातडी वरतीच होती. वरून दुसरं कातडं तिचं निघालं. मिठाने भरलेला पांढरा ठिपका, फाटलेला कान. त्याने ते फरशीवर पसरलं, केसांची बाजू खाली, आतली वर. मीठ हाताने बाजूला लोटलं. आणि गुडघ्यावर बसलेला तो तसाच राहिला.

जो कापतो तोच सोलतो, ही दोन्ही भावांची पहिल्यापासूनची रीत. भाऊ उजवा. त्याची चीर मागच्या डाव्या पायापासून सुरू व्हायची आणि तो सुरा आपल्याकडे ओढत यायचा. डावऱ्याची उलट्या पायापासून, उलट्या अंगाला. बापाने लहानपणी हात बांधून ठेवला तरी त्याचा हात बदलला नव्हता, आणि त्यावरूनच बाजाराने त्याला नाव दिलं होतं. दोघांची कातडी शेजारी ठेवली तर आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं कोणतं कोणाचं.

हे उलट्या अंगाचं होतं. चीर सरळ, स्वच्छ, कुठेही खरचटलेलं नाही. चांगल्या हाताचं काम होतं.

"तू बघितलं होतंस," तो म्हणाला.

मुलाने होकाराची मान हलवली. "ताईने सांगितलं तेव्हाच काकांनी मला डोळ्याने खुणावलं. तुम्ही शेडमध्ये होतात, तेवढ्यात मी कातडं बघून आलो आणि त्यांना सांगितलं. म्हणाले, त्याला कळलं तर तो उद्या सुरा धरणार नाही. माझ्यावर येऊ दे. मला काय, मी ऐकून घेईन."

"आणि तू ऐकत उभा राहिलास."

"तुम्ही कोणाला बोलू देत होतात का?"

सून भिंतीला टेकून रडायला लागली. मुलगी रडली नाही. तिने बापाकडे पाहिलं, आणि डावऱ्याला वाटलं ती आता काहीतरी मऊ बोलेल, बाबा, तुमचा दोष नाही, असं काहीतरी. ती तसं बोलली असती तर त्याने तिलाही बाहेर काढलं असतं.

"बाबा, उशीर होतोय," ती म्हणाली. "घेऊ की नको, तेवढं सांगा."

पहाटेचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मुलाने आणून दिली असेल, त्याने मागून कवेत घेतली असेल, नेहमी घेतो तशी. म्हातारं अंग होतं, वजनावरून कळायला हवं होतं. ती ओरडली का, तेही आठवेना. रोजची सकाळ होती. बायको असती तर विचारलं असतं, तू माझा हात कसा सहन केलास इतकी वर्षं. आणि ती हसून म्हणाली असती, हात चांगला आहे, नजर तेवढी खाली असते.

तो उठला. कपाटातून मांडी काढली, ओंडक्यावर ठेवली, सुरा घेतला.

"थांबा," मुलगी म्हणाली. "तो सुरा नाही. माझ्याकडे आहे. आणि आधी हे हातमोजे."

"मला शिकवू नकोस."

"हे शिकवावंच लागेल. तुमच्या ओंडक्यावर जे काही जगतंय ना, ते आत गेलं तर माझी टाकी चार दिवसांत नासेल."

त्याने मोजे घातले. ते लहान होते, बोटांवर ताणले गेले. तिने स्पिरिटने जागा पुसली, आणि त्याने तिच्या छोट्या पात्याने वरचं मांस बाजूला करून हाडाजवळचा तुकडा सोडवला. हात नेहमीसारखाच सफाईने चालला, याचाच त्याला राग आला. तुकडा तिने बाटलीतल्या गुलाबी पाण्यात टाकला, झाकण घट्ट केलं.

"नाव काय लिहू बाटलीवर?"

"दुकानाचं नाही लिहायचं. माझंही नाही."

"जनावराचं लिहावं लागतं."

"मग तेच लिही. आईने काय म्हटलं असतं ते लिही." तो मोजे ओढून काढायला लागला. "आणि एक ऐक. तुझं ते टाकीतलं मी विकणार नाही. खाणार नाही. मला वाटेल तेव्हा त्याला शिव्या घालेन."

"घाला," ती म्हणाली. "आई तुमच्या सगळ्या शिव्या पाठ करून ठेवायची. मीही करेन." पेटी खांद्यावर टाकून ती मागच्या दाराने गेली. जाताना तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला तेवढं कळत होतं.

उरलेली मांडी आणि कातडं त्याने शेडमागे पुरलं. मुलगा मदतीला आला, त्याला त्याने परत पाठवलं. संध्याकाळी दुकान उघडलं. ती मांडी सांगून ठेवलेलं गिऱ्हाईक आलं, रिकाम्या हाताने परत गेलं आणि जाताना चार शब्द सुनावून गेलं. मोठे कुठे गेले, आज स्टूल रिकामं कसं, असं येणारा प्रत्येकजण विचारत होता. मुलगा म्हणायचा, बाहेर गेलेत. रात्री वरच्या खोलीत दिवा लागला नाही. भाऊ फाट्यावरच्या लाकडाच्या वखारीत, आपल्या जुन्या दोस्ताकडे झोपलाय, असं सुनेने कुठून तरी कळवून घेतलं आणि डावऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डावऱ्याने दिवा लावून शेड उघडली. मुलाने भिंतीकडची सोडून आणली. डावऱ्या तिच्या समोर जाऊन उभा राहिला, मागून नाही. हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि पाहिलं. तिच्या एका डोळ्याखाली तपकिरी डाग होता. पुढचीला तसलं काही नव्हतं, पण एक पापणी जाड होती. काम संपायला सकाळ उजाडली. पुढे गिऱ्हाइकं शटर वाजवत होती.

"बाबा, असं रोज करणार असाल तर आपलं कठीण आहे," मुलगा म्हणाला.

"मग तू दुसरं काही बघ," डावऱ्या म्हणाला.

मुलीचा फोन आला. तुकड्यातल्या थोड्या पेशींनी जीव धरलाय, अजून खात्रीने सांगता येत नाही, असं तिने सुनेला सांगितलं. डावऱ्याने ते ऐकलं आणि ओंडका घासायला घेतला.

दाराशी कोणती बांधायची हे ठरलेलं नाही. ते घरातल्या बाईने ठरवायचं असतं. सून म्हणते, मला आधी चेहरे शिकवा, मग मी ठरवेन. वखारीकडे जाऊन भावाला घरी आणायचं आहे. डावऱ्या एकदा फाट्यापर्यंत जाऊन परत आला. अजून ते झालेलं नाही.